दगडावरची उर्दू

"इंदूबाई बळीराम!"

नसीम टीचरनं दोनदा नाव पुकारलं. शाळेत रविवारचा मोठ्या माणसांचा उर्दू वर्ग भरला होता. चौथीच्या परीक्षेला बसणाऱ्यांची यादी चालली होती. तिसऱ्यांदा नाव आलं तेव्हा दारातून तिचा नवरा बळीराम म्हणाला, "ती गेली, बाई. बुधवारी. काविळीनं."

 वर्गात कोणालाच माहीत नव्हतं. बळीराम फक्त तिचं पुस्तक परत द्यायला आला होता. टीचरनं नाव खोडायला पेन टेकवलं आणि तो एकदम बोलून गेला, "खोडा. पण खाली माझं लिहा. मी शिकतो."

असं काही बोलायचं त्यानं ठरवलं नव्हतं.

गांधीबागेत ताराचंदच्या छापखान्यात तो वीस वर्षं दगडावर उर्दू छापत होता. कातिब, म्हणजे वळणदार उर्दू लिहून देणारा लेखनिक, पिवळ्या कागदावर लिहून देई. बळीराम ते दगडावर उतरवी, दगड ओला करी, शाई फिरवी आणि छापी. लग्नपत्रिका, जाहिराती, शाळेचे पेपर. त्यातलं एकही अक्षर त्याला येत नव्हतं. इंदूबाई चिडवायची, "येवढं छापता, अन् काय छापलं हे एक दिवस सांगता येत नाही तुमाले. आता मीच शिकीन अन् सांगीन." तो हसला होता. ती मात्र नवव्या धड्यापर्यंत पोचली होती.

बळीराम पहिल्या धड्यापासून लागला. त्याची पहिली वही पाहून बायका पदरात तोंड लपवून हसल्या. सगळी अक्षरं उलटी होती. दगडावर अक्षर उलटंच असतं, छापल्यावर सुलटं होतं. त्याच्या हाताला दगडावरचंच वळण माहीत होतं.

"बळीरामभाई, ये कापी तो आईने में जाँचनी पड़ेगी!" शेजारी बसणारी अख्तरीबी म्हणाली.

बळीरामही हसला. त्या बुधवारनंतर पहिल्यांदा.

मग त्याला नादच लागला. मोमिनपुऱ्यातून जाताना तो सायकल हळू करून पाट्या वाची. चक्की. दवाखाना. कपड्याचं दुकान. वाचलेला शब्द मोठ्यानं म्हणे. एकदा पाटी वाचता वाचता रिक्षावर आदळला. गुडघा फुटला, पण पाटी पूर्ण वाचून झाली. चार महिन्यांत पुस्तक संपलं.

परीक्षेला सहा दिवस उरले आणि हेडमास्तर कुद्दूससाहेब चौथीचा पेपर घेऊन छापखान्यात आले. ताराचंदनं दरवर्षीसारखं सांगितलं, "बेफिकीर राहा, मास्तर. माझ्या माणसाले यातलं काळं का निळं कळत नाही." मास्तर रविवारी शाळेत येत नसत. वर्गाला कोण बसतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. बळीरामनं आजवर पेपर छापले होते, वाचले नव्हते. यात काही अडचण आहे हे त्याच्या मनातही आलं नाही.

त्यानं पेपर दगडावर उतरवला. ओलं फडकं फिरवलं. शाईचा रूळ फिरला आणि पहिली ओळ वर आली. उलटी ओळ. मास्तरांनाही ती पटकन वाचता आली नसती. बळीरामला आली. कुठेही न अडखळता.

आपल्या मोहल्ल्यातल्या बाजारावर दहा वाक्यं लिहा.

"अवं, वाचलं!" इंदूबाईला हाक मारावी तसा तो ओरडला आणि वळला. मागं कोणी नव्हतं. तरी आनंद काही उतरेना. फडकं फिरवता फिरवता तो वाक्यं जुळवू लागला. आमचा बाजार मोठा आहे. सकाळी भाजी येते. आठ वाक्यं झाली. नवव्याला त्याचा हात थांबला; हा तर त्याच्याच परीक्षेचा पेपर होता. त्यानं दगडाच्या उरलेल्या भागावर पोतं टाकलं आणि ताराचंदला हाक मारली.

"शेठजी, मले वाचता येते."

"काय येते?"

"हे. पहिला सवाल वाचला मी. अन् मी याच परीक्षेले बसणार आहे."

ताराचंद स्टुलावर बसला. "मग नको बसू! तुले काय तहसीलदार व्हायचं आहे?"

"बसीन."

"काहून गा?"

"तिनं नऊ धडे केले, पुढचे मी केले. आता मधात सोडत नाही."

"मग बस अन् चूप राह. कोणाले समजते?"

 बळीरामनं पोतं काढलं, दगडावर मूठभर रेती टाकली, दुसरा दगड वर ठेवला आणि गोल गोल घासू लागला. बाजार पुसला गेला. न वाचलेले सवालही पुसले गेले.

"गेलं शाळेचं काम!" ताराचंदनं कपाळाला हात लावला. "मराठी तुले येते, हिंदी येते, आता उर्दूही आली. आता पेपर कोणत्या भाषेतले आणू गा, चिनी?"

तीन दिवसांनी निरोप मिळून कुद्दूस मास्तर आले. सगळं ऐकून त्यांनी चष्मा पुसला आणि बळीरामच्या खांद्यावर हात ठेवला. "मैं दूसरा पर्चा लिखवाता हूँ. छापोगे तुम ही. इतना भरोसा तो अब हो गया. बस, पढ़ना मत."

बळीरामच्या ओठावर हो आलं होतं. 

"नाही जमणार, मास्तर. आधी मले नुसत्या रेघा दिसत. आता नजर पडली की वाचलं जाते."

मास्तरांनी ताराचंदकडे पाहिलं. दगडाचं काम छापखान्यात दुसऱ्या कोणालाच येत नव्हतं; ताराचंदनं खाली पाहिलं. परीक्षा तीन दिवसांवर आली होती, आणि पेपर अजून छापायचा होता.