गेंडा पाणी पितो

“हा? पाणक्या?” दादाने विचारलं. “ठमे, शुद्धीवर आहेस ना?”

“आहे.”

“अगं, याच्याकडे साधी तलवारसुद्धा नाही.”

“पखाल आहे.”

बहिणीने मोहरा पटावर ठेवला. कमरेत वाकलेला, पाठीवर पाण्याची पखाल, नाक खोक्यात घासून सपाट. खोक्यात सहा नायक होते. प्रत्येक सैन्याला त्यातला एकच घेता येई, आणि वीस वर्षांत पाणक्याला कुणी हात लावला नव्हता. दादाने नेहमीप्रमाणे गेंडास्वार घेतला होता.

खेळ साधा होता. आठ खेळ्या. शेवटी पुलावर ज्याचा मोहरा, तो जिंकला. नायक मेला तर तिथेच हार. आणि आज जो हरेल, त्याच्या घरी बाबा राहायला जाणार होते.

या घरात सगळं पटावरच मिटायचं. खिडकीजवळची खाट, सायकल, मांजराचं नाव. बाबा न्हाणीघरात पडले, डॉक्टर म्हणाले यांना आता एकटं ठेवू नका, आणि दोघं भावंडं एकमेकांकडे न बघता ‘बघू, बघू’ करायला लागली. तेव्हा बाबांनीच माळ्यावरून खोकं काढायला लावलं. पंच तेच. नियमांचं पुस्तक त्यांच्या मांडीवर. पंचाशिवाय ते कुणी उघडायचं नाही, हासुद्धा नियमच होता.

“हात कसले गं बरबटलेत?” दादाने तिच्या नखांकडे पाहिलं.

“कामावरचं.” ती एका लॅबमध्ये कवळ्या बनवायची.

“निळे दात कोण लावतं?”

“लावतात काही जण.”

बाबांनी चष्मा वर सरकवला. तिच्या नखांकडे नीट पाहिलं.

“आणि त्या परगावच्या मोठ्या लॅबचं काय झालं? बोलावलंय ना तुला?”

“बघू. फासा टाक.”

दादा जीव तोडून खेळत होता. त्याच्याकडे दोन खोल्या, त्यात बायको, जुळ्या मुली आणि सासूबाईंचं शिवणयंत्र. फासा टाकताना तो डोळे मिटायचा. बाबांकडे बघायला नको, म्हणूनही असेल.

बहिणीने पहिल्याच खेळीत पाणक्याला एकट्याला नेऊन पुलाच्या मध्यावर उभं केलं.

“मरेल तो.”

“बघू.”

गेंडास्वार सुटला. फाशावर सहा पडले. दादाने पाणक्याला उचलायला हात घातला.

“थांब,” बाबा म्हणाले. त्यांनी पुस्तक उघडलं, पानावर बोट ठेवलं. “पाणक्यावर चालून येणारा आधी पाणी पितो. त्याची ही खेळी गेली.”

“स्वार पाणी पिईल. गेंडा तरी मारेल की!”

बाबांनी बोट एक ओळ खाली सरकवलं. “गेंडा दोन खेळ्या पितो.”

दादा बहिणीकडे बघतच राहिला. “तुला माहीत होतं हे!”

“नव्हतं,” ती म्हणाली. त्याला ते अर्थातच पटलं नाही.

पुढच्या खेळीला तिने पाणक्याला पुलावरून काढलं आणि पार कोपऱ्यातल्या दलदलीत नेऊन ठेवलं. दादा खूश झाला. पूल मोकळा!

“पाणी प्यायलेला मोहरा पाणक्याच्या मागे मागे जातो,” बाबांनी वाचलं.

“कशाला?”

“पुन्हा तहान लागेल म्हणून.”

गेंडा दलदलीत गेला. जड मोहरा दलदलीत रुततो, हे तर दोघांनाही लहानपणापासून पाठ होतं. दादाने स्वतःच्या हाताने त्याला तिथे ठेवलं आणि बराच वेळ त्याच्या शिंगावरून बोट फिरवलं.

मग त्याने तोफा आणल्या. एकही उडाली नाही. पाणक्या पटावर असेपर्यंत शत्रूची दारू ओली राहते, असं निघालं.

“बाबा, हे आम्हाला कधी सांगितलं नाहीत तुम्ही.”

“तुम्ही त्याला कधी घेतलंच नाहीत.”

आठव्या खेळीला पुलावर तिचा एकच लंगडा भालेकरी उभा होता. तो तिथे कसा पोचला, हे तिलाही सांगता आलं नसतं.

“जिंकलीस,” बाबा म्हणाले.

दादाने दोन्ही हातांनी तोंड चोळलं. मग उठला. “चला बाबा. शिवणयंत्र बाल्कनीत टाकू.” त्याने बाबांची बॅग उचलली आणि तो खाली गाडी बघायला गेला.

बहीण जागची हलली नव्हती. फासा अजून तिच्या हातातच होता.

“तिकडे कधी रुजू व्हायचंय?” बाबांनी विचारलं.

“मी जाणार नव्हते.” तिने नखं मुठीत झाकली. “खोली रंगवलीय मी, बाबा. तुमच्यासाठी.”

“निळी?”

“दोन हात दिलेत.”

“म्हणून पाणक्या घेतलास होय.”

“सगळ्यात टाकाऊ तोच होता ना.” तिचा आवाज फाटला. “मला काय माहीत तो असला निघेल!”

“पंचासमोर मुद्दाम हरायचं नसतं,” बाबा म्हणाले. काठी टेकत उठले, जाता जाता तिच्या डोक्यावर टपली मारली आणि कठडा धरून एकेक पायरी उतरत गेले. खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

तिने मोहरे गोळा केले. गेंड्याला दलदलीतून काढलं. पाणक्याला खोक्यात टाकताना तिला त्याचा इतका राग आला, की तिने त्याला उलटा टाकला.

पुस्तक खुर्चीवरच राहिलं होतं. बाबा ते कधी विसरत नसत.

आता पंच कुणीच नव्हतं. तिने ते उघडलं. पाणक्याचं पान अगदी शेवटी होतं आणि चित्राखाली एकच ओळ होती: ‘हा मोहरा खोक्याच्या शोभेसाठी आहे, खेळात घेऊ नये.’