जमीन वर आली तेव्हा

“दहा मिनिटं आहेत, आजी. अंगावरचे कपडे, कागदपत्रं, औषधं. बाकी काही नाही.”

हवालदार दारातच उभा होता. तितिना चुलीपासून वळली, खुंटीवरचं फडकं काढून तिनं हात पुसले, टेबलाखालची खुर्ची ओढून त्याच्यापुढे ठेवली.

“बस. बोलण्यावरून उत्तरेकडचा दिसतोस. तुमच्याकडे माणसं उंबऱ्यावरूनच बोलतात का?”

“बेर्गामोचा,” तो म्हणाला. बसला नाही.

१९७०चा मार्च होता. पोझ्झुओली हे बंदराचं गाव ज्वालामुखीच्या टापूत होतं; तिथली जमीन काही महिन्यांपासून खालून फुगत चालली होती. बंदराचा धक्का पाण्यातून इतका वर आला होता की कोळ्यांना होड्या लावता येईनात. टेकडीवरच्या जुन्या वस्तीत भिंतींना तडे गेले होते. आज सकाळी लष्कराच्या गाड्या एकदमच येऊन थडकल्या. संध्याकाळच्या आत टेकडी रिकामी करायची होती.

“जमीन वर येतेय म्हणता,” तितिना म्हणाली. “मग बुडतंय कोण?”

“त्यातलं मला कळत नाही. घरं रिकामी करा, एवढंच सांगितलंय.”

“आणि नेणार कुठे?”

“ते सांगितलेलं नाही.”

“म्हणजे तुलाही हाकलतच आणलंय म्हणायचं.”

तितिनाची मुलगी फोर्तुना गाठोडं बांधत होती. ती हवालदाराजवळ येऊन हलकेच म्हणाली, “तिला दिसत नाही हो. एकतीस वर्षं झाली.”

हवालदारानं खुर्चीकडे पाहिलं, खुंटीकडे पाहिलं. मग म्हातारीकडे. इतका वेळ त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

“कुजबुजतेस कशाला? कान शाबूत आहेत माझे.” तितिनानं चूल विझवली. “हे चणे गं? अर्धे कच्चे आहेत. कुणाला देताही येणार नाहीत.”

“राहू दे, आई.”

जिना उतरताना हवालदारानं हात पुढे केला. तिनं तो बाजूला सारला. भिंतीवरून बोटं फिरवत ती त्याच्याही पुढे उतरू लागली. “इथे वाक,” ती म्हणाली. तो वाकेपर्यंत उशीर झाला. कमानीवर त्याचं डोकं आपटलं. मागून उतरणाऱ्या कुणाला तरी हसू फुटलं आणि लगेच विरलं.

गल्लीत लोकांच्या डोक्यांवर गाद्या होत्या. एक बाई संत प्रोकोलोला हाका मारत होती, तिचा नवरा त्याच संताला शिव्या घालत होता. तितिना एकेका दाराला हात लावत चालली होती. एका दाराशी थांबून म्हणाली, “विचेन्झाचं दार उघडंच आहे. कुणीतरी ओढून घ्या रे.”

टेकडीच्या पायथ्याशी भिंत संपली. पुढे चौक होता, एरवी मोकळा. आज तिथे गाड्याच गाड्या होत्या. तितिना थांबली. तिचा हात शेवटच्या दगडावर होता.

“चला, आजी. ही काय गाडी, दहा पावलांवर.”

ती हलली नाही. मागे गर्दी साचली. कुणीतरी ओरडलं. हवालदारानं इकडेतिकडे पाहिलं, मग लहान मुलाला उचलावं तसं तिला उचललं. तिचा हात मागे, सुटलेल्या दगडाकडे ताणलेलाच राहिला.

त्यांना उतरवलं ते लांब समुद्रकिनाऱ्यावरच्या एका हॉटेलात. उन्हाळी पाहुण्यांसाठीचं, तेव्हा रिकामं पडलेलं. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आईला उभं करून फोर्तुना “आलेच” म्हणून ब्लँकेटं आणायला गेली. रांग जिन्यापर्यंत आली होती. दोन तास लागले.

ती परतली तेव्हा आई होती तिथेच उभी होती. हातात गाठोडं तसंच. पायाखालच्या फरशीवर ओल पसरलेली.

“संडास कुठे आहे ते सांगितलं नव्हतंस,” तितिना म्हणाली.

फोर्तुना गुडघ्यांवर बसली आणि फरशी पुसू लागली. आईचे पायही तिनंच पुसले.

दुसऱ्या दिवशी तिनं हॉटेलच्या बाईकडून कपडे वाळवायची दोरी मागून आणली. पलंगाच्या पायापासून संडासाच्या कडीपर्यंत, तिथून खोलीच्या दारापर्यंत बांधली. तितिना आधी चिडली, “बकरी आहे का मी?” मग बसल्या बसल्या दोरी चाचपू लागली. महिन्याभरात ती दारापर्यंत जाऊन येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलू लागली.

आठ दिवसांत परत नेऊ, असं हॉटेलात उतरवताना सांगितलं होतं. आता तसं कुणीच म्हणत नव्हतं. टेकडीच्या वाटेवर काटेरी तारा लावल्या आहेत, असं पाहून आलेला एक कोळी सांगत होता. फोर्तुनानं ते आईला सांगितलं नाही. आईनंही कधी विचारलं नाही.

जूनमध्ये हॉटेलचा मालक स्वतः आला. टोपी हातात घेऊन दारात अवघडून उभा राहिला.

“ताई, पाहुणे यायला लागलेत. मी तरी काय करू? वर्षभराची कमाई या तीन महिन्यांत करायची असते. बस दहा वाजता येईल.”

“या वेळी कुठे?”

“मला नाही माहीत हो.”

गाठोडं बांधून झालं. फोर्तुना खाली बसून पलंगाच्या पायाची गाठ सोडू लागली. तीन महिन्यांत ती घट्ट बसली होती, नखांना दाद देईना. खाली बसचा भोंगा वाजला.

तितिना पलंगावरून उठली. तिनं दोरीवर हात ठेवला.

“थांब,” ती म्हणाली. “एकदा दारापर्यंत जाऊन येते. मग सोड.”