एकोणसत्तर

“एकोणतीस,” मॅनेजरने पत्र्याचा डबा खुळखुळवून आकडा काढला, आणि भिंगरीचं बोट मावशीच्या तिकिटावर तिशीच्या रांगेत सैरावैरा धावायला लागलं. मावशीने ते बोट धरलं आणि शेजारच्या विशीच्या रांगेत आणून टेकवलं. तिथे एकोणतीस निवांत बसला होता.

हे ‘एकोण’वाले आकडे म्हणजे भिंगरीचे जन्माचे वैरी. नाव तिसाचं सांगायचं आणि राहायचं विशीच्या घरात, ही काय रीत झाली? शाळेत तिला गणिताला पैकीच्या पैकी मिळत, पण कुणी आकडे मराठीत म्हणायला लागलं की तिची गाडी घसरलीच.

वारा सुटल्यामुळे बोटी बंद होत्या. म्हणून हॉटेलातले झाडून सगळे पाहुणे भर दुपारी जेवणाच्या हॉलमध्ये हौजी खेळत बसले होते. नियम साधा. निघालेला आकडा तिकिटावर असला की खोडायचा. सगळे खोडून झाले की उभं राहून ‘फुल हाऊस’ असं ओरडायचं, तेही पुढचा आकडा निघायच्या आत. ज्याचं तिकीट, त्याचाच आवाज. बक्षीस होतं एक तंबूएवढी, पट्ट्यापट्ट्यांची छत्री. ती घरी न्यायची कशी, हा प्रश्न भिंगरीला पडलाच नव्हता.

प्रश्न होता तो मावशीच्या आवाजाचा. मावशी बावीस वर्षं ग्रंथालयात नोकरीला होती. हळू बोलून बोलून तिचा आवाज इतका बारीक झाला होता की घरीसुद्धा ती मीठ अशी मागायची, जणू शेजारी कुणी परीक्षेचा अभ्यास करतंय. मघाशी तिची पहिली ओळ सगळ्यांच्या आधी पूर्ण झाली होती. ती उभी राहिली आणि म्हणाली, “झाली हं माझी.” ते फक्त पाण्याच्या जगने ऐकलं. पुढचा आकडा निघाला आणि पहिल्या ओळीच्या बक्षिसाचा बिस्किटांचा डबा पलीकडच्या टेबलावरच्या टोपीवाल्या काकांनी पटकावला.

“जमेल गं तुला,” भिंगरी म्हणाली. “पोटातून ओरडायचं फक्त.”

“आणि चुकले तर? एवढ्या लोकांत?”

खरी मेख तिथेच होती. मावशीला मुख्य ग्रंथपाल करायचं चाललं होतं, आणि मुख्य ग्रंथपालाला दर शनिवारी दोनशे मुलांसमोर उभं राहून बोलावं लागे. होय की नाही, ते आज पाचच्या आत कळवायचं होतं. ‘आभारी आहे, पण मला जमणार नाही’ हा निरोप मावशीच्या फोनवर सकाळपासून लिहून तयार होता. पाठवायचं तेवढं बाकी होतं. भिंगरीने तो चोरून वाचला होता, आणि म्हणूनच मावशीला हाताला धरून इथे ओढत आणलं होतं. एकदा घसा मोकळा झाला की बाई आपोआप सुटेल, असा तिचा अंदाज.

चव्वेचाळीस निघाला. खोडला. सात निघाला. तोही खोडला. आता मावशीच्या तिकिटावर एकच आकडा उरला होता, ७९. भिंगरीला उगीचच हसू फुटायला लागलं, उचकी लागावी तसं. ते थांबेचना.

मॅनेजरने डब्यात हात घातला. मुद्दाम ढवळत बसला. भुवया उडवल्या.

“एकोणसत्तर.”

सत्तर आणि वर नऊ. भिंगरीने टेबलाखालून मावशीला ढोसलं. “आलं. मावशी, तुझंच आलं. ऊठ, ओरड ना.”

मावशीने तिकिटाकडे पाहिलं. मग भिंगरीकडे पाहिलं. मॅनेजरचा हात पुन्हा डब्याकडे निघाला. मावशीने पेन्सिलीने ७९ वर ठसठशीत काट मारली, खुर्ची मागे सारली आणि उभी राहिली.

“फुल हाऊस!”

हॉलच्या काचा हलल्या, असं भिंगरी पुढे सगळ्यांना सांगत असे. चमचे तरी नक्कीच वाजले. मॅनेजरच्या हातून डब्याचं झाकण सुटलं आणि घरंगळत थेट दारापर्यंत गेलं. टोपीवाल्या काकांची टोपी चहात पडली.

मॅनेजरने आधी झाकण आणलं, मग तिकीट तपासलं. एकदा. दोनदा.

“ताई, निघालंय ते साठावर नऊ. तुमचं एकोणऐंशी अजून यायचंय. तिकीट बाद.”

सगळा हॉल खो खो हसला. भिंगरी खुर्चीत खाली खाली सरकली. संपलं. आता ही बाई जन्मात तोंड उघडायची नाही, आणि तेही आपल्यामुळे.

“तिकीट बाद, पण आवाज पास हो बाई,” टोपी पिळत काका म्हणाले.

मावशी हसत हसत खाली बसली. एरवी ती तोंडावर हात ठेवून हसायची. आज हात ठेवायचा राहूनच गेला.

“सॉरी गं मावशी,” भिंगरी रडवेली झाली. “मीच घोळ घातला. मला वाटलं...”

मावशीने पर्समधून फोन काढला. आता तो नकार जाणार, हे भिंगरीने ओळखलं. पण मावशीचं बोट शेवटून एकेक शब्द पुसत मागे मागे गेलं आणि ‘आभारी आहे’पाशी थांबलं. त्यापुढे तिने एकच शब्द लिहिला, ‘जमेल’. आणि निरोप पाठवून दिला.

मग ती पार चौथ्या टेबलापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बावीस वर्षं पुस्तकांवर आकडे घालतेय मी. एकोणसत्तर कुठल्या घरात राहतं, हे मला माहीत नसेल होय? म्हटलं, एकदा चारचौघांत चुकून तर बघू.”