बारा तासांचा दिवा

पोलंडमधल्या क्राकुफच्या दफनभूमीच्या दारात मी दिवे विकते. एक नोव्हेंबरला सगळं शहर आपापल्या माणसांच्या थडग्यांवर दिवे लावायला लोटतं. गेनोवेफाआजी दरवर्षी नवऱ्यासाठी सगळ्यात छोटा, बारा तासांचा दिवा न्यायची आणि तो विझायच्या आत दुसरा लावायला काठी टेकत परत यायची. मुलाबद्दल "लेशेक यंदाही नाही आला?" असं विचारलं की म्हणायची, "डब्लिन काय जवळ आहे का गं? दोन दिवस नुसते प्रवासात जातात बिचाऱ्याचे."

ती मार्चमध्ये गेली. यंदा लेशेक आला. चेहरा थेट आईचा. कोटाला धूळ लागू नये म्हणून माझ्या टेबलापासून हातभर लांबच उभा राहिला.

"आईसाठी हवाय. सगळ्यात जास्त वेळ जळणारा कुठला?"

"हा. सहा दिवस जळतो."

"तोच द्या. उद्या सकाळी निघायचंय मला."

"एवढा दोन दिवसांचा प्रवास करून आलात आणि लगेच उद्या?"

तो मोठ्याने हसला. "दोन दिवस? कुठल्या काळात आहात, बाई? दोन तास चाळीस मिनिटं! डोळा लागतोय तोवर विमान उतरतंसुद्धा."

सहा दिवसांचा दिवा मी फळीवर परत ठेवला आणि बारा तासांचा त्याच्या पुढ्यात आपटला.

"हा न्या. विझायच्या आत डब्लिनला दोनदा जाऊन येता येईल तुम्हाला."