मोठा झेंडा

शत्रू वर्षभर त्या खडकाळ बेटावर ठाण मांडून बसला होता, तेव्हा संरक्षणमंत्र्यांना बेटाचं नावही धड घेता येत नव्हतं. काल सैन्याने ते लढून परत घेतलं आणि आज साहेब हेलिकॉप्टरमधून असे उतरले, जणू रात्रभर तेच चिखलातून सरपटत होते. अंगात नवंकोरं लष्करी जाकीट, त्याच्या बाहीला दुकानाची चिठ्ठी तशीच लोंबत होती.

टेकडीवर जवानांनी पहाटे लावलेला झेंडा फडकत होता. कुणीतरी छातीशी बांधून आणलेला, रुमालाएवढा, एका कोपऱ्यात जळलेला.

“हे फडकं फोटोत दिसणार तरी आहे का?” साहेब मेजरवर खेकसले. “मोठा झेंडा लावा.”

“मोठे झेंडे संपले, साहेब.”

“संपले म्हणजे? खायची वस्तू आहे का ती?”

“सकाळी लागले. शवपेट्यांवर घातले.” मेजरने खाली धक्क्याकडे हात केला. तिथे जवान एकेक पेटी जहाजावर चढवत होते.

साहेबांनी ताबडतोब टोपी काढली आणि मान खाली घातली. कॅमेरावाल्याने फोटो घेतल्यावरच ती वर केली. मग मेजरच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी घरातल्या माणसाशी बोलावं तसं हळूच म्हणाले,

 

“एक काढून आणा ना. फोटो झाला की परत घालू.”