एकोणीस मिलिमीटर

अंकितानं तोंड उघडलं आणि डॉक्टर उपळेकरांनी मान फिरवली. तुंबलेल्या गटाराचा यावा तसा भपकारा आला. तोंडावर मास्क असूनही त्यांनी नाक मुरडलं. सहा वर्षांची पोर. डाव्या दाढेखालची हिरडी टम्म फुगलेली, नुसतं बोट टेकवलं तर पिवळा पू ओघळला. त्यांची मदतनीस ललितानं तो नळीनं ओढून घेतला. पोर तिच्याकडेच बघत होती, म्हणून तिनं चेहरा सरळ ठेवला.

"काय घाण आहे ही," डॉक्टर पोरीच्या बापाला म्हणाले. "तीन आठवड्यांपूर्वी रूट कॅनाल करून, पेस्ट भरून दाढ बंद करून दिली होती. तीही नासवलीत. ब्रश नावाची वस्तू आहे का घरात?"

ज्ञानू टोपी हातात घेऊन खुर्चीच्या पायथ्याशी उभा होता. न्हावऱ्याहून पहिल्या एसटीनं, पोरीला कडेवर घेऊन शिरूरला आलेला.

"दोन येळा घासती, डाक्टर. म्या सोता म्होरं उभा ऱ्हातो."

"मग हा पू काय वरून पडला?"

डॉक्टरांनी दाढ उघडून धुतली, वर कापूस ठेवला. "अर्ध्या तासानं पुन्हा तीच पांढरी पेस्ट भरू. दुधाचाच दात आहे, पडणारच आहे," असं म्हणून त्यांनी बापलेकीला बाहेरच्या बाकावर पाठवलं. बाकावर न्हावऱ्याच्या शाळेचे संपत गुरुजी बसले होते. शाळेतली किडक्या दाढांची तीस पोरं सोमवारपासून फुकट उपचाराला यायची होती, त्यांची यादी गुरुजींनी आणली होती.

पू कुठून आला ते ललिताला चांगलं ठाऊक होतं. दवाखान्यात लागायच्या आधी चार वर्षं तिनं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली होती. म्हणून तर एका औषध कंपनीच्या नव्या पांढऱ्या पेस्टची परीक्षा डॉक्टरांनी तिच्याकडे सोपवली. पोरांच्या दाढांतले जंतू तिनं काचेच्या बशांमध्ये वाढवले. प्रत्येक बशीत दोन खड्डे पाडले. एकात नेहमीची, झिंक ऑक्साईड आणि लवंगेच्या तेलाची पेस्ट. दुसऱ्यात पांढरी. पेस्टनं जंतू मारले की तिच्याभोवती स्वच्छ कडं उमटतं. लवंगेच्या पेस्टभोवती सतरा मिलिमीटरचं कडं उमटलं. पांढरीच्या अगदी काठाशी जंतू पंगतीला बसल्यासारखे येऊन बसले. बशीमागून बशी तेच.

"पांढरीचं एकोणीस लिही," डॉक्टर म्हणाले होते. ते आकडे घेऊन कंपनी त्यांना बँकॉकच्या परिषदेला नेणार होती.

"पण सर, कडं उमटलंच नाही."

"दुधाचे दात आहेत गं. कोण बघायला येतंय?"

आणि ललिता बाईसाहेबांनी लिहिलं. चाचणीच्या वहीत गुमान लिहिलं, शाळेत बक्षीस मिळालेल्या वळणदार अक्षरात. तो एकोणीस आज अंकिताच्या हिरडीतून ओघळत होता. पांढऱ्या ट्यूबांचं खोकं कपाटात येऊन पडलं होतं, सोमवारी आणखी तीस पोरांच्या दाढांत ती माती जायची होती. ललिताला स्वतःच्या हातांची शिसारी आली. तिनं ते साबणानं दोनदा धुतले.

एवढ्यात डॉक्टरांची सून आली. पुण्याहून गाडीनं, सोबत पाच वर्षांची सई. सकाळपासून पोरीची दाढ ठणकत होती. बाकावरच्यांकडे न बघता दोघी थेट आत, आणि सई थेट खुर्चीत. डॉक्टरांचा आवाज एकदम लोण्यासारखा झाला. त्यांनी दाढ बधिर केली, कोरली, मुळं साफ केली. सईच्या तोंडालाही तोच भपकारा होता. या खेपेला कुणी नाक मुरडलं नाही.

"पेस्ट," डॉक्टरांनी हात पुढे केला.

ललितानं पांढरी ट्यूब काचेच्या पट्टीवर पिळली आणि पट्टी त्यांच्यापुढे धरली. डॉक्टरांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा सुनेकडे. मग आवाज खाली आणला.

"ही नको. लवंगेची कालव."

"हिचं एकोणीस आहे, सर."

"अगं, घरचं लेकरू आहे."

इतक्या सहज म्हणाले, की ललिताला किळस आली. पुवाची आली नव्हती ती या चार शब्दांची आली. तिनं पांढरी पुसून टाकली, झिंक ऑक्साईडची भुकटी घेतली, तेल घातलं, कालवलं. लवंगेचा वास खोलीभर झाला. सईची दाढ भरून झाली तरी पट्टीवर भलामोठा गोळा उरला होता. तिनं मुद्दामच जास्त कालवलं होतं.

डॉक्टर हात धुवायला वळले. ललितानं वही उघडली, एकोणीस खोडला, शेजारी शून्य लिहिलं आणि खाली सही केली. मग तिनं बाहेरचं दार सताड उघडलं.

"ज्ञानूदादा, अंकिताला आणा," ती मोठ्यानं म्हणाली. "सरांनी नातीला लवंगेची पेस्ट भरलीय, तीच हिच्यासाठीही कालवून ठेवलीय. गुरुजी, यादी घेऊन तुम्हीही या. घरच्या लेकराला सर पांढरी भरत नाहीत. तुमची तीस लेकरं कुणाच्या घरची आहेत, ते तेवढं त्यांना सांगा."