चंद्रीचं दूध

धारेला बसलेल्या विठाबाईचा हात चंद्रीच्या कासेशीच थांबला.

"काय पाजलंय म्हणालासा?"

"एनर्जी ड्रिंक. पेंडीच्या आंबोणात घालून," तिचा नवरा ज्ञानू म्हणाला. उद्या दिवाळीचा पाडवा, शर्यतीत म्हशी पळवायच्या, आणि चंद्री तर चालायचीसुद्धा मेहेरबानी केल्यासारखी. "चारच डबे. पळंल तरी."

"आन् हे आत्ता सांगताय व्हय?"

चंद्री डोळे मिटून रवंथ करत होती. डब्यांचा तिच्यावर काडीचा परिणाम दिसत नव्हता. पण दुधात काय उतरलं असेल, कोण सांगणार? गंगावेशीतल्या या दूधकट्ट्यावर गिऱ्हाईक समोर उभं असतं, म्हैस समोर पिळली जाते आणि फेसाळता गिलास थेट हातात पडतो. विठाबाईच्या सासूनं आणि तिनं कमावलेलं नाव एवढ्याच गोष्टीवर उभं होतं.

ती उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आज चंद्रीचं दूध न्हाय. आमच्या मालकांनी तिला एनर्जी ड्रिंक पाजलंय. उगं कुणाला काय व्हायला नको."

आता माणसं शेजारच्या म्हशींकडं वळणार, असं तिला वाटलं. वळलं कुणीच नाही. उलट शिवाजी पेठेतला धैर्यशील, फुटबॉलचा सराव संपवून आलेला, रांग मोडून पुढं घुसला.

"मावशी, मला चंद्रीचंच. मोठा गिलास!"

"सांगितलं न्हवं, न्हाय म्हणून? ही लक्षी हाय." तिनं आपल्या दुसऱ्या म्हशीखाली बसकण मारली.

"व्हय व्हय, लक्षीच!" त्यानं मागच्यांना डोळा मारला. गिऱ्हाइकांना दोन्ही काळ्या म्हशी सारख्याच दिसायच्या. गिलास एका दमात संपवला, मिशीवरचा फेस पुसला आणि जागच्या जागी दोन उड्या मारल्या. "आयला, भिनलं की! पोटऱ्या कशा तटतटायल्यात!"

मग काय, एकच झुंबड उडाली. निवृत्त मास्तर अप्पांनी अर्धाच गिलास घेतला, मनगट धरलं, घड्याळाकडं बघितलं आणि गंभीरपणे मान हलवली. "फरक हाय. नाडी पळतीया."

"अप्पा, देवाशप्पथ, लक्षीचं हाय!"

"असू दे, असू दे. आणखी अर्धा घाल."

आजवर तिच्या शब्दावर डोळे झाकून दूध पिणारी माणसं आज तिचा एवढा एकच शब्द ऐकेनात. तिला हसू आलं आणि रागही आला. लक्षीचं दूध संपलं, गर्दी पांगली. ज्ञानू खुशीत गिलास विसळायला लागला.

विठाबाई मात्र तिथंच बसून राहिली. हीच माणसं रोज म्हणतात, तुझं दूध प्यालं की अंगात बळ येतं. रोज. आजच्यासारखीच पोटऱ्या दाबून, दंड फुगवून. मग तेही नुसतं मनाचंच?

तिनं चरवीच्या तळाशी उरलेलं लक्षीचं दूध गिलासात ओतलं, उभ्या उभ्या पिऊन टाकलं आणि डोळे मिटले.

"काय गं, काय झालं?" ज्ञानूनं विचारलं.

"बोलू नगा जरा," ती म्हणाली. "बघू द्या, काय हुतंय का."